फांदीला गड्डा धरत नाही

पानं गळली की ढोल्याला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, हे थोरलीला लहानपणापासून पाठ होतं. तरी तिने पाणी घातलं. एकदा चुकून घातलं असतं तर गोष्ट वेगळी. हिने रोज घातलं, आणि मायेने घातलं. रागाने घालणारा माणूस निदान दमून थांबतो. मायेला थांबायचं कुठे ते कळत नाही.

ढोल्या ही खरं तर एक वेल. रुईच्या कुळातली, पान खुडलं की देठातून दूध येणारी. पण वेल म्हणून तिच्याकडे कोणी बघायचंच नाही. बघायचे ते खालच्या गड्ड्याकडे. कुंडीत अर्धा वर, अर्धा मातीत असा एक भला थोरला करडा गड्डा फतकल मारून बसलेला, साल कासवाच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि त्याच्या टाळूतून निघून खिडकीच्या तारेवर चढलेली काडीएवढी वेल. ओल्या दिवसांत तिला बदामी आकाराची पानं यायची, मातकट हिरवी फुलं यायची, त्या फुलांना किंचित नासल्यासारखा वास यायचा आणि माश्या खूश व्हायच्या. कोरडे दिवस लागले की ढोल्या पानं झाडून टाकायचा, वेलसुद्धा वाळवून टाकायचा, आणि पोटातल्या पाण्यावर गुपचूप पडून राहायचा. घरी आलेलं माणूस हमखास विचारायचं, "मेलं वाटतं हे?" त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं. "झोपलाय. हळू बोला."

बाबा म्हणजे थोरलीचे वडील. सरकारी बागेतल्या काचघराचे माळी. ढोल्या त्यांनीच बियापासून वाढवलेला, दोन्ही मुलींच्या आधीचा. कोणी हौसेने फांदी मागितली की ते देत, पण वर ऐकवतही. "लावा. पण फांदीला गड्डा धरत नाही. एक कोरडा हंगाम आला की संपली. गड्डा हवा तर बीच हवं. आणि बी हवं तर दुसरी वेल हवी, ह्याचं स्वतःशी पटत नाही." काचघरात तशी दुसरी वेल होती. तिचे परागकण आणून बाबांनी एका वर्षी ढोल्याला शेंगा धरवल्या होत्या. थोरली तेव्हा नुकती कमवायला लागलेली. तिने हट्ट केला होता, एक बी मला द्या, मी लावते. बाबा म्हणाले, "सगळं पोचट निघालं गं." मग काचघरातली वेल मेली, पुढे काचघरच बंद झालं, बाबा निवृत्त झाले आणि त्यांचे डोळे गेले. ढोल्या तेवढा राहिला. आणि थोरली.

थोरली कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणाने हिरड्या घडवायची, एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी ती गुलाबी टणक कवळी यायची, तिला घासून पुसून चकचकीत करायची. हात असा की बाबांच्या तोंडातली कवळी तिनेच केलेली, आणि तिच्या जोरावर बाबा अजून बदाम फोडायचे.

गेल्या कोरड्या हंगामात बाबांच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नळ्या लावून पडले. थोरली लॅबमधून तिकडे जायची आणि तिकडून घरी यायची, तर घरी खिडकीत हा ढोल्या, बोडका, सुरकुतलेला, निपचित. तिकडेही तेच, इकडेही तेच. तिला ठाऊक होतं तो झोपलाय म्हणून. ठाऊक असणं वेगळं आणि रिकाम्या घरात एकटीने ते मानणं वेगळं. एका संध्याकाळी तिने पेलाभर पाणी ओतलं. त्याच रात्री बाबांचा ताप उतरला. झालं! शिकली सवरलेली बाई, पण तिच्या मनाने गाठ मारली ती मारलीच. ती रोज पेलाभर पाणी घालत गेली आणि बाबा रोज थोडे थोडे बरे होत गेले.

बाबा घरी आले, ओले दिवस लागले, आणि ढोल्या जागा झाला तो असा की काही विचारू नका. पानं कमी आणि फुलंच फुलं. बाबा दारातूनच नाक वर करून म्हणाले, "काय गं हे? इतका वास तर कधीच आला नव्हता."

"तुमच्यासाठी फुललाय," थोरली म्हणाली. तिला अगदी धन्य वाटत होतं.

सकाळच्या चहानंतर बाबा भिंत चाचपत खिडकीपाशी यायचे, ढोल्यावर हात ठेवायचे, पोराच्या पाठीत मारावी तशी एक थाप मारायचे. "काय ढोल्या?" हा रोजचा नेम. त्या नेमाआधी थोरली कुंडीभोवतीचं पुसून घेत होती, आणि मागच्या बाजूने तिचा अंगठा गड्ड्यात गेला. सालीला लागला नाही, आतच गेला. काढला तेव्हा नखात काळपट चिखल होता आणि त्याचा वास फुलांचा नव्हता.

झाड मरायच्या आधी जीव खाऊन फुलतं, हेही बाबांनीच सांगितलेलं. म्हणजे तो आनंद नव्हता, ती निरवानिरव होती.

त्या सकाळी तिने कुंडी फिरवली. निरोगी बाजू बाबांच्या हाताखाली आली, थाप बसली, बाबा समाधानाने परत गेले. मग तिने लॅबमधली मेण कोरायची हत्यारं आणली आणि सडका भाग कोरून काढला. काळं संपेना. आत जावं तेवढं काळंच. कोळशाची पूड भरली, खिडकी उघडी ठेवली, पाणी तर केव्हाच बंद केलं होतं. पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. ढोल्या जाणार होता. त्याला तिने मारलं होतं. आणि ज्या माणसाला रोज सकाळी उठायला हे एकच कारण उरलं होतं, त्याला हे सांगायचं कसं?

एकच गोष्ट हातात होती. फुलं होती तोवर बी धरवायचं. ढोल्या नाही तर ढोल्याचं पोर बाबांच्या हाताखाली द्यायचं. पण दुसरी वेल आणायची कुठून? ती बागेत जाऊन आली. काचघराच्या जागी बाकं आणि कॉफीचं दुकान होतं. नवा अधिकारी भला होता, त्याने कुठे कुठे फोनही केले, आणि शेवटी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तिला धाकटी आठवली. म्हणजे धाकटी ती कधी विसरली नव्हती. धाकटीचा रागच इतका होता की विसरायची सोय नव्हती.

धाकटीने केस कापायचं काम शिकायचं म्हणून बाबांशी भांडून घर सोडलं, त्याला जमाना झाला. त्याच वर्षी मोठ्या शहरातल्या एका लॅबने थोरलीला बोलावलं होतं. पण एक गेल्यावर दुसरीने कसं जायचं? ती राहिली. धाकटीने जाताना ढोल्याची फांदी नेली होती, असं बाबा म्हणाले होते. फांदीचा उपयोग शून्य, ती ढोल्याच की, नुसता दुसऱ्या कुंडीतला. आणि ती इतकी वर्षं जगलेली तरी कशाला असेल? हे सगळं समजत असूनही थोरलीने कवळीची एक रिकामी डबी घेतली, आत ओला कापूस घातला, शेजारणीला बाबांकडे बघायला सांगितलं आणि सकाळची पहिली बस पकडली.

धाकटीचं दुकान लहानच, पण आरसे इतके की एक गिऱ्हाईक बसलं की दहा दिसायची. ड्रायर घोंघावत होते. थोरली दारात उभी राहिली आणि समोरच्या काचेत तिला आधी ती वेल दिसली, पडद्याच्या दांडीला गुंडाळलेली, फुलं आलेली. मग खाली नजर गेली. केस धुवायचं एक फुटकं जुनं बेसिन, आणि त्यात फतकल मारून बसलेला गड्डा. करडा, भेगाळलेला, दगडासारखा टणक.

फांदीला गड्डा धरत नाही.

"ताई!" धाकटी कात्री हातात तशीच घेऊन धावत आली. "बाबा?"

"बरे आहेत." थोरलीने बेसिनाकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"हे म्हणजे? ढोल्याचं पोर. निघताना बाबांनीच बी दिलं ना, कागदाच्या पुडीत. माझ्या पर्समध्ये कोंबलं आणि म्हणाले, ताईला सांगू नकोस." धाकटी बोलता बोलता थांबली. "तुला अजून सांगितलं नाही त्यांनी?"

"मला म्हणाले सगळं पोचट निघालं."

खुर्चीतली बाई आरशातून दोघींना बघत होती.

"पाणी किती घालतेस?" थोरलीने विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"छे गं, माझ्या लक्षात कुठे राहतंय! कधी केस धुतलेलं पाणी जातं, कधी महिनोन् महिने काहीच नाही. तो आपला जगतोय बिचारा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने तळहाताच्या फोडासारखं जपलं तिचा सडला, आणि जी साफ विसरली तिचा दगडासारखा. आणि ज्यांच्यासाठी ती एवढं करत होती, त्यांनी तिच्या तोंडावर खोटं बोलून तिचं बी दुसरीच्या पर्समध्ये घातलं होतं. ती वळली, दार ढकललं, पायरीवर गेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती काडी कुणाच्या अंगणातली आहे, हे बुडत्याला बघून चालत नाही. ती परत आत आली.

"मला तुझी फुलं हवीत. ढोल्या मरतोय. मी मारलाय त्याला."

धाकटीने कात्री ठेवली. "काय ते घे. सगळी घे. आणि बाबांना कळलंय?"

"नाही. कळता कामा नये."

"तुला मूळ झाड दिलं ना त्यांनी," धाकटी हळूच म्हणाली, समजूत घालावी तशी. "मला नुसतं बी."

"मला दिलं नाही. मला सांभाळायला ठेवलं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या उजेडात थोरली कामाला बसली. डोळ्यावर लॅबचं भिंग, हातात मेणाची सगळ्यात बारीक सुई. या फुलाच्या मधोमध एक खांब असतो आणि त्याच्या कडेला केसाएवढ्या फटी. धाकटीकडच्या फुलाच्या फटीत सुई घालून वर ओढली की पिवळ्या परागांच्या दोन गोळ्या एका काळ्या चिमट्याला लटकून बाहेर येतात, आणि त्यातली एक गोळी ढोल्याच्या फुलाच्या तशाच फटीत नेऊन बसवायची. माशीच्या पायाने होतं ते काम माणसाच्या हाताने करायचं म्हणजे श्वाससुद्धा बाजूला ठेवावा लागतो. तिने हाताला येतील तेवढ्या फुलांना केलं. बाबा मागून विचारत होते, "काय करतेस गं इतकी गप्प बसून?"

"लॅबचं काम घरी आणलंय."

फुलं गळत गेली. रोज सकाळी खिडकीखाली चार-दोन पडलेली दिसायची. होता होता वेलीवर एकच फूल उरलं, तेही गेलं, पण त्याच्या देठाशी दोन बारीक हिरवी टोकं राहिली, वासराची शिंगं फुटावीत तशी. त्यातलं एक पुढे सुकलं. दुसरं वाढायला लागलं.

शेंग धरली होती! तिला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायची सोय नव्हती. शेंग पिकायला अवकाश होता, आणि गड्ड्याला तेवढा अवकाश नव्हता. सड पुढच्या अंगाला आली. कुंडी कशीही फिरवा, हाताखाली मऊच लागणार होतं. तेव्हा या बाईने काय करावं? तिने तेच केलं जे तिला येत होतं. गड्ड्याच्या शाबूत उरलेल्या सालीचा लॅबमध्ये काढतात तसा साचा काढला, त्यावर मेण घडवलं, एकेक भेग कोरली, आणि त्याची कवळी बनवून सडक्या जागेवर बसवली. ढोल्याला कवळी. रंग गुलाबी, हिरडीचाच, कारण लॅबमध्ये दुसरा नव्हता. पण ज्याच्यासाठी केली त्याला रंगाशी काय करायचंय? खिडकीत ती वस्तू अशी दिसत होती की तिला हसू आलं, आणि हसता हसता ती खाली बसून रडली.

सकाळी चहा झाला. बाबा आले, हात ठेवला, थाप मारली. हात तिथेच राहिला. मग त्यांनी नखाने दोनदा टिचकी मारली.

"ढोल्याला कवळी कधी बसवलीस?"

थोरलीने कुंडी दोन्ही हातांनी धरली.

"तोंडात हीच घेऊन बसलोय की मी," बाबा म्हणाले. "मला कळणार नाही होय?" त्यांनी बोटं कडेने सरकवली, कवळीच्या मागे घातली, आणि ती सडक्या गड्ड्यात शिरली. "पाणी घातलंस. मी तिकडे पडलो होतो तेव्हा."

"घातलं. रोज घातलं. मला वाटलं तुम्ही..." आणि मग जे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं तेच तोंडून गेलं. "मला बी का नाही दिलंत? मी मागितलं होतं. धाकटीने मागितलंही नसेल. मला पोचट सांगितलंत आणि तिच्या पर्समध्ये घातलंत. का?"

बाबांनी हात बाहेर काढला. काळी झालेली बोटं ते धोतराला नाही, सदऱ्याला नाही, कशालाच पुसत नव्हते. तसेच पुढे धरून उभे होते.

"ती जाणारच होती," शेवटी ते म्हणाले. "तुला बी दिलं असतं तर तूही गेली असतीस."

एवढंच. माफी नाही, काही नाही. थोरलीने त्यांचा हात धुतला, पुसला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि लॅबला निघून गेली. दिवसभर तिने एका अनोळखी माणसाचे दात बसवले आणि एकही नीट बसला नाही. संध्याकाळी मालकांनी सगळे परत काढायला लावले.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. बाबा खिडकीपाशी यायचे बंद झाले. वेल वरून वाळत आली, पानं पिवळी पडली, ही झोप नव्हती हे आता दोघांनाही माहीत होतं. शेंग तेवढी हिरवी होती, कुठून रस ओढत होती देव जाणे. मग तीही पिवळी पडली, वेळेच्या बऱ्याच आधी. खाली गड्डा आत कोसळला आणि गुलाबी कवळी मातीत तिरकी रुतून बसली.

थोरलीने शेंग टेबलावर घेतली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा भिंत चाचपत आले आणि टेबलाशी उभे राहिले.

"खिडकी लाव," ते म्हणाले. "उडून जाईल."

तिने खिडकी लावली, भिंग डोळ्याला लावलं, आणि शेंगेच्या शिवणीवरून सुई फिरवली. आत पांढऱ्या रेशमाचे झुबके आणि प्रत्येकाच्या टोकाला एक चपटं तपकिरी बी, खवल्यांसारखी एकावर एक रचलेली. तिने एकेक चिमटीत दाबून पाहिलं. पोचट. हेही पोचट. कागदासारखं, आत काहीच नाही. तिच्या श्वासाने बिया टेबलावरून उडत होत्या आणि ती त्यांना अडवत नव्हती. रांग संपत आली. शेवटून दुसरं बी तिने दाबलं आणि ते दबलं नाही. पुन्हा दाबलं. भरलेलं होतं.

"किती?" बाबांनी विचारलं.

बाबांना हे सांगायला तिच्याकडे सोपा शब्द होता. तो शब्द तिने बाबांकडूनच ऐकला होता. सगळं पोचट निघालं. आंधळ्या माणसाला कोण दाखवणार होतं?

"एक," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलला. त्यांनी टेबलावर हात पुढे केला, तळवा वर. "दे इकडे. मी पेरतो. तुला पाण्याचा अंदाज नाही."

खरंच नव्हता. ते बरोबर बोलत होते, आणि हात पुढे धरून थांबले होते. म्हातारा, काटकुळा, मातीने कायमच्या काळ्या पडलेल्या रेघांचा हात. थोरलीने आपला डावा हात त्या हातात दिला. बाबांनी तो चाचपला, उलटा केला, एकेक बोट उघडून पाहिलं. तळवा रिकामा होता. तरी त्यांनी तो सोडला नाही.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "हे माझं आहे."

बी तिच्या उजव्या मुठीत होतं.